पहिल्या चित्रपटासाठी कॅमेरा : चार नावांचा वाद आणि माझं मत

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ९० मिनिटांचा पहिला चित्रपट आहे, पटकथेतला निम्मा भाग रात्रीचा, बराचसा कॅमेरा हातात धरून घ्यायचा आहे आणि युनिट लहान आहे. दिग्दर्शकाला रेड कोमोडो हवाय, छायाचित्रणकाराला सोनी एफएक्स३, संकलक ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के प्रोसाठी अडून बसलाय. आणि निर्मात्याला कुणीतरी सांगितलंय की ॲलेक्सा मिनी भाड्याने आणला नाही तर चित्रपट ‘चित्रपटासारखा’ दिसणार नाही. चौघांनीही आपापल्या बाजूचे चाचण्यांचे व्हिडिओ एकमेकांना दाखवून झालेत. निर्णय होत नाहीये.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत मी सोनीकडे जाईन, आणि एफएक्स३ऐवजी एफएक्स६ मिळत असेल तर तो घेईन. चित्र म्हणाल तर मला या सगळ्यांत ॲलेक्सा मिनीचंच जास्त आवडतं. तरीही सोनी. हे ‘तरीही’ समजावायला जरा वेळ लागेल, कारण तुमच्या चर्चेत जे मुद्दे मोठे झालेत ते बहुतेक किरकोळ आहेत, आणि ज्यांवर निर्णय फिरायला हवा त्यातल्या दोन-तीन गोष्टींचा उल्लेखही आलेला नाही.

आधी ‘के’चा, म्हणजे चित्राची रुंदी किती हजार पिक्सेलची त्याचा, विषय मिटवू. तुमच्या यादीतला सगळ्यात मानाचा कॅमेरा रिझोल्यूशनमध्ये सगळ्यात मागे आहे, यातच बरंच काही आलं. २०१० साली आलेल्या मूळ ॲलेक्साची रॉ (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) फ्रेम २८८० बाय १६२० पिक्सेलची होती. ‘स्कायफॉल’ (२०१२) त्यावर चित्रित झाला आणि आयमॅक्सच्या पडद्यांवरही दाखवला गेला. चित्र धूसर आहे म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं ऐकलेलं नाही. शिवाय ‘६के’ हा आकडा वाटतो तितका सरळ नसतो. बायर सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग टिपतो. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे, आणि प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून हिशेबाने भरले जातात. म्हणून ६के सेन्सरवरून उतरवलेलं ४के भरीव दिसतं आणि जेमतेम ४के सेन्सरचं ४के किंचित मऊ. एफएक्स३चा सेन्सर सुमारे १२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे जेमतेम ४के. पॉकेट शेजारी ठेवलात तर पॉकेटचं चित्र थोडं जास्त बारीक दिसेल, हे खरंच आहे. क्लोजअपमधल्या चेहऱ्याला तो बारकावा हवा असतो का, हे मात्र आधी मेकअपवाल्यांना विचारा.

रिझोल्यूशनचा आकडा खरोखर आडवा येतो तो एका ठिकाणी. नेटफ्लिक्सने स्वतः बनवून घेतलेल्या चित्रपटांसाठी मान्यताप्राप्त कॅमेऱ्यांची यादी आहे आणि तिथे ४के सेन्सरची अट आहे. त्यामुळे एफएक्स३ आणि कोमोडो त्या यादीत आहेत, पण ॲलेक्सा मिनी नाही. त्याचा मोठ्या सेन्सरचा भाऊ, मिनी एलएफ, मात्र यादीत आहे. पॉकेटही यादीत नाही. पण ही अट त्यांनी आधीपासून काम दिलेल्या चित्रपटांना लागू होते. तयार झालेला चित्रपट ते विकत घेतात तेव्हा तो कशावर चित्रित झालाय यावर गाडी अडत नाही. तुमच्याकडे असा करार नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

डायनॅमिक रेंजवर, म्हणजे गडद सावलीपासून झगझगीत उजेडापर्यंत कॅमेरा एकाच वेळी किती टिपतो यावर, तुमच्यात सगळ्यात जास्त जुंपलेली दिसते. ती स्टॉपमध्ये मोजतात; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. कागदावर पॉकेट १३ स्टॉप, ॲलेक्सा मिनी १४हून थोडे जास्त, एफएक्स३ १५हून जास्त आणि कोमोडो १६हून जास्त. हे आकडे खरे मानले तर या यादीत ॲलेक्सा तिसरा येतो. या कॅमेऱ्यांचं फुटेज ग्रेड केलेल्या, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड पक्के केलेल्या, कुठल्याही कलरिस्टला हे सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

गोम मोजण्यात आहे. सावलीतला शेवटचा स्टॉप कुठवर धरायचा, यावर सगळं अवलंबून असतं. सिग्नल (खरं चित्र) आणि नॉइज (काळोखातली दाणेदार खरखर) बरोबरीला येईपर्यंत मोजलं तर आकडा फुगतो. सिग्नल नॉइजच्या दुप्पट असायलाच हवा अशी अट घातली की एक-दीड स्टॉप लगेच गळतो. कॅमेऱ्याने आतल्या आत नॉइज पुसून काढला असेल तर आकडा पुन्हा वर जातो, पण त्याबरोबर सावलीतला पोतही पुसला गेलेला असतो. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात काही हशील नाही.

मी विचारतो तो प्रश्न वेगळा. मधल्या करड्याच्या, म्हणजे एक्स्पोजर ज्यावर ठरवतात त्या मध्यम राखाडी छटेच्या, वर किती स्टॉप आहेत आणि खाली किती? ॲलेक्साच्या त्या पिढीत ८०० ईआयला (ॲलेक्सावरचा संवेदनशीलतेचा आकडा) मधल्या करड्याच्या वर ७.४ स्टॉप आणि खाली ६.६ स्टॉप मिळतात, हे ॲलेक्सा बनवणाऱ्या ॲरीने स्वतःच छापलेलं आहे. वरचे ते ७.४ स्टॉप म्हणजे खिडकीबाहेरचं आकाश, कपाळावरची चमक, फ्रेममध्ये दिसणारा उघडा बल्ब. त्यामागची युक्ती अशी, की सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गेनने (सिग्नल वाढवण्याच्या प्रमाणाने) वाचला जातो. एक वाचन उजेडासाठी, दुसरं काळोखासाठी, आणि मग दोन्ही एकत्र केली जातात. त्यामुळे वरचं वाचवायला खालचं बळी द्यावं लागत नाही. पण स्टॉप किती यापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते पांढऱ्याकडे जाताना रंग कसा वागतो ते. स्वस्त कॅमेऱ्यांत तीन रंगांपैकी एक आधी संपतो. मग पिवळ्या बल्बच्या भोवती लिंबू रंगाचं कडं येतं, घामट गालावरची चमक गुलाबी-पांढऱ्या डागासारखी दिसते. ॲलेक्सात ते उतरणं इतकं सावकाश होतं की प्रेक्षकाला कळतच नाही. लोक ज्याला ‘फिल्मसारखं’ म्हणतात त्यातला मोठा भाग हाच आहे. निर्मात्याला ज्याने कुणी सल्ला दिला, त्याला हे बहुधा नीट सांगता आलं नसेल, पण त्याच्या डोळ्यांना ते दिसलं होतं.

मग ॲलेक्सा का नको? कारण तुमचा निम्मा चित्रपट रात्रीचा आहे आणि युनिट लहान आहे.

एफएक्स३ आणि एफएक्स६ला एस-लॉग३मध्ये (उजेड-काळोखाचा तपशील राखणारी सोनीची फिकट ‘लॉग’ नोंद) दोन मूळ आयएसओ, म्हणजे संवेदनशीलतेचे दोन आधार, आहेत, ८०० आणि १२८००. दुसरा आकडा नुसती वाढवलेली ब्राइटनेस नव्हे. तिथे सेन्सरचं वाचन वेगळ्या, जास्त गेनच्या मार्गाने होतं, म्हणून काळोखातला नॉइज आटोक्यात राहतो. गंमत अशी की ८००चा आधार ठेवून ६४००पर्यंत ताणलेलं चित्र १२८००च्या चित्रापेक्षा वाईट दिसतं. अनेकजण ‘जरा कमी ठेवूया’ म्हणून मधेच कुठेतरी थांबतात आणि कॅमेऱ्याला शिव्या घालतात. पॉकेटचे दोन आधार ४०० आणि ३२००. कोमोडोला दुसरा आधार नाहीच, आणि ८००च्या वर ताणला की सावलीतला नॉइज लवकर डोकं वर काढतो. ॲलेक्सा मिनी १६००पर्यंत मजेत जातो, पुढे दाणे दिसायला लागतात. ते दाणे सुंदर असतात, पण असतात.

८०० ते १२८०० म्हणजे ४ स्टॉप. या ४ स्टॉपची चर्चा लोक नेहमी ‘कमी लाईटमध्ये शूट करता येतं’ एवढ्यावर संपवतात. माझ्या लेखी खरा फायदा फोकसचा आहे. जिथे इतर कॅमेऱ्यावर तुम्हाला लेन्सचं छिद्र एफ/१.४पर्यंत उघडावं लागलं असतं, तिथे ते एफ/५.६पर्यंत आवळून शूट करता येतं, आणि छिद्र जितकं लहान तितका फोकसचा पट्टा खोल. हातात कॅमेरा, रात्रीचा रस्ता, चालणारा नट आणि फोकसला एकच माणूस, तोही कदाचित नवखा: एफ/१.४ला अर्धे टेक नाकावर फोकस आणि डोळे मऊ असे निघतील. एफ/५.६ला तोच माणूस झोप नीट झालेल्यासारखा काम करतो. लहान युनिटमध्ये टेक वाया जाण्याचं पहिलं कारण फोकस असतं, डायनॅमिक रेंज नव्हे.

याचा अर्थ रात्री लाईट लावू नका असा मुळीच नाही. १२८००ला रस्त्यावरचे दिवे पुरतात, पण ते डोक्यावरून येतात आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या करतात. उजेड किती हे कॅमेरा सांभाळेल, कुठून हे तुम्हालाच ठरवावं लागेल. फायदा एवढाच, की मोठा दिवा आणि जनरेटर लागला असता तिथे हातात धरायची छोटी एलईडी पट्टी पुरते. एक सावधगिरी: दुकानांच्या पाट्या आणि स्वस्त एलईडी दिवे कॅमेऱ्यात लुकलुकतात. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो त्याचं माप) १७२.८ अंशावर ठेवलं की ते १/५० सेकंद होतं आणि विजेच्या तालावर चालणारे बहुतेक दिवे शांत होतात. पाट्यांचं तसं नाही. त्यांची जागेवर जाऊन चाचणीच घ्यावी लागते.

‘द क्रिएटर’ (२०२३) एफएक्स३वर झाला, हे तुमच्या छायाचित्रणकाराने सांगितलंच असेल. आजकाल प्रत्येक जण सांगतो. खरं आहे ते. पण तिथे कॅमेऱ्यापुढे जुन्या कोवा ॲनामॉर्फिक लेन्स होत्या, रेकॉर्डिंग बाहेरच्या रेकॉर्डरवर रॉमध्ये झालं होतं आणि शेवटचं चित्र घडवायला इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकसारखी व्हीएफएक्स कंपनी होती. त्या उदाहरणावरून एवढंच सिद्ध होतं की एफएक्स३ आडवा येत नाही.

आता कोमोडोची बाजू, कारण दिग्दर्शकाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. बाकी तिन्ही कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. कॅमेरा झटकन फिरवला की खांब तिरके होतात, धावत्या वाहनातून घेतलेलं चित्र थरथरतं, आणि फ्लॅश किंवा स्ट्रोब चमकला तर अर्धी फ्रेम उजळ, अर्धी काळी येते. कोमोडो पूर्ण सेन्सर एकाच क्षणी टिपतो, त्यामुळे हे काहीच होत नाही. ॲलेक्सा आणि एफएक्स३चं वाचन इतकं जलद आहे की नेहमीच्या हाताळणीत त्रास जाणवत नाही. पॉकेटचं मात्र बरंच सावकाश आहे, आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्यात ते दिसतं: चित्र हलण्याऐवजी डुचमळतं. पटकथेत डिस्कोचे दिवे, पत्रकारांचे फ्लॅश, विजांचा कडकडाट किंवा लांबलचक पाठलाग असेल तर कोमोडो घ्या आणि लाईटचा खर्च वाढवा. तसं काही नसेल तर ज्या सुविधेचा वापरच होणार नाही तिच्यासाठी काळोखातली स्वच्छता सोडून देताय.

एनडी फिल्टरचा, म्हणजे उजेड कापणाऱ्या राखाडी काचेचा, उल्लेख तुमच्या चर्चेत कुठेच नाही, आणि दिवसाच्या दृश्यांत सगळ्यात जास्त वेळ त्यावर जातो. शटर १८० अंशावर, म्हणजे २४ फ्रेमला १/४८ सेकंद, धरून ठेवायचं असेल तर उन्हात उजेड कापावाच लागतो. एफएक्स३मध्ये आत एनडी नाही. कोमोडोतही नाही, ॲडॉप्टरमध्ये फिल्टर सरकवायची सोय वेगळी घ्यावी लागते. पॉकेट ६के प्रोमध्ये २, ४ आणि ६ स्टॉपचे फिल्टर आत आहेत, ॲलेक्सा मिनीतही आहेत, आणि एफएक्स६मध्ये १/४पासून १/१२८पर्यंत चाक फिरवून हवा तितका उजेड कापता येतो. दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मागे एकाच शॉटमध्ये सलग जाता येतं आणि ॲपर्चरला हात लावावा लागत नाही. लेन्सपुढे लावायच्या स्वस्त व्हेरिएबल एनडीने रंग बिघडतो, वाइड लेन्सवर फ्रेममध्ये काळी फुली उमटते, आणि इन्फ्रारेड न रोखणारे गडद फिल्टर काळा कोट तपकिरी करून टाकतात. हे नंतर ग्रेडिंगमध्ये दुरुस्त करणं म्हणजे शिक्षा आहे. मी एफएक्स६ म्हणतो ते मुख्यतः यासाठी. त्याच्या बदल्यात एफएक्स३चं सेन्सर स्थिर ठेवणारं यंत्र तुम्हाला मिळणार नाही, पण वाइड लेन्सवर ते यंत्र कोपरे ओढतं आणि हातातल्या कॅमेऱ्याचा नैसर्गिक श्वासही घालवतं, म्हणून मला त्याचं फार दुःख नाही. ज्यांना कॅमेरा अगदी अरुंद जागेत घुसवायचाय त्यांना एफएक्स३ बरा.

संकलकाचा हट्ट समजण्यासारखा आहे. ब्लॅकमॅजिकचं रॉ फुटेज त्यांच्याच रिझॉल्व्ह या संकलन-ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लोण्यासारखं चालतं, आणि त्या सॉफ्टवेअरचा पूर्ण परवाना कॅमेऱ्याबरोबर येतो. पण रॉ नाही म्हणून सोनी कच्चा, हे म्हणणं जुन्या काळातलं आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असायच्या, लॉगमध्ये शूट केलेलं आकाश ताणलं की पट्टे दिसायचे. १० बिटमध्ये १०२४ पायऱ्या आहेत. ४:२:२ ऑल-इंट्रा रेकॉर्डिंग (रंगाची माहिती जास्त, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नोंदलेली) असेल आणि एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स सेटवर नीट ठेवला असेल, तर पडद्यावर फरक ओळखणं अवघड आहे. रॉ उपयोगी पडतं ते व्हाइट बॅलन्स चुकल्यावर.

उलट साठवणुकीचा हिशेब करा. १०ला १ या प्रमाणात शूट केलंत तर ९० मिनिटांसाठी १५ तासांचं फुटेज होतं. सोनीचं आतलं ४के ऑल-इंट्रा २४ फ्रेमला २४० मेगाबिट प्रतिसेकंद जातं, म्हणजे तासाला १०८ जीबी, सगळं मिळून सुमारे १.६ टीबी. ४के प्रोरेस ४२२ एचक्यू (कमी दाबलेला फॉरमॅट) असेल तर तासाला ३१८ जीबी, एकूण ४.८ टीबी. ॲलेक्सा मिनीवर ३.४के ओपन गेट (पूर्ण सेन्सर वापरून) रॉ घेतलंत तर तासाला जवळजवळ १ टीबी, म्हणजे १५ टीबीच्या आसपास. आता प्रत्येकाच्या तीन प्रती धरा, आणि रात्री पॅकअपनंतर त्या कॉपी करत जागणारा माणूस तुमच्या युनिटमध्ये आहे का, ते बघा. बहुतेक लहान युनिटमध्ये तो सहायक दिग्दर्शक असतो, ज्याला सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं असतं. कार्ड चुकून फॉरमॅट होतात ती अशाच रात्री.

रंगाबद्दल थोडंच बोलतो. ‘सोनीची त्वचा हिरवट’ ही ख्याती जुन्या कॅमेऱ्यांनी मिळवली आणि चुकीच्या लटने (रंग बदलणाऱ्या तयार तक्त्याने) टिकवली. छायाचित्रणकार स्टीव्ह येडलिन यांनी ३५ मिमी फिल्म आणि ॲलेक्सा यांवरचे शॉट एकमेकांत मिसळून दाखवले होते, आणि जाणकारांनाही कुठला कशाचा हे सांगणं जड गेलं. त्यांचं म्हणणं असं, की ‘लुक’ कॅमेऱ्याच्या नावातून येत नाही. नोंदलेल्या आकड्यांचं पडद्यावरच्या रंगात रूपांतर कसं केलं त्यातून येतो. मी याच्याशी सहमत आहे, एका अटीवर: आकडे मुळात नोंदले गेलेले असले पाहिजेत. जळालेलं आकाश कुठलंही रूपांतर परत आणत नाही. त्यामुळे सोनीवर काम करताना मी बल्ब, खिडक्या आणि पांढरे शर्ट यांच्याबाबत ॲलेक्सापेक्षा जास्त काटेकोर असतो. खिडकीवर जेल (उजेड कमी करणारा पारदर्शक कागद) लावा, बल्ब डिमरवर घ्या, शर्ट फिक्कट करड्या रंगाचा शिवा. कपडेपटाला हे चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही.

माझं ऐकून ठरवू नका. एक दिवस भाड्याने आणून चाचणी घ्या, पण लोक घेतात तशी नको. चारही कॅमेऱ्यांवर एकाच मालिकेतल्या ईएफ माउंटच्या (कॅननच्या जोडणीच्या) लेन्स लावा. ॲलेक्सा मिनीचा माउंट बदलता येतो, बाकीच्यांवर ॲडॉप्टरने किंवा थेट बसतात. सोनीचा सेन्सर फुल फ्रेम आहे, म्हणून इतरांवर ३५ मिमी असेल तर सोनीवर ५० मिमी लावा, नाहीतर तुलना फ्रेमिंगची होईल. एक्स्पोजर आयएसओच्या आकड्यावर न ठरवता लाईट मीटर आणि ग्रे कार्डावर ठरवा. मग तुमच्याच नटांना घेऊन पटकथेतली सगळ्यात अवघड तीन दृश्यं घ्या: एक रात्रीचं रस्त्यावरचं, एक उघडी खिडकी असलेल्या खोलीतलं, एक चालत्या माणसामागे धावण्याचं. प्रत्येक दृश्य बरोबर एक्स्पोजरला, दोन स्टॉप वर आणि दोन स्टॉप खाली घ्या. ज्याच्याकडे शेवटचं ग्रेडिंग होणार आहे त्याच्याकडेच फुटेज न्या, सगळं एकाच रंगव्यवस्थेत आणा, नावं झाका आणि मोठ्या पडद्यावर बघा. लॅपटॉपवर थांबवून ४०० टक्के मोठं करून बघायला सक्त मनाई.

२०१२ साली झाकुटो या संस्थेने अशीच नावं झाकून चाचणी घेतली होती. त्यात सोनी एफ६५, ॲलेक्सा आणि रेड एपिकच्या शेजारी पॅनासोनिक जीएच२ होता, जो स्थिरचित्रांच्या दुकानात मिळायचा. प्रत्येक कॅमेऱ्याच्या छायाचित्रणकाराला आपल्या पद्धतीने लाईट करायची मुभा दिल्यावर अनेक अनुभवी मंडळींना जीएच२चं चित्र आवडलं. लाईट मोकळा सोडला की कॅमेऱ्यांमधलं अंतर किती आक्रसतं, ते तेव्हा दिसलं. आजच्या कॅमेऱ्यांत तर ते आणखी कमी आहे.

निर्मात्याचं मन राखायचं असेल तर एक मधला मार्ग निघतो. पटकथेत भर उन्हातली किंवा खिडक्यांनी भरलेल्या खोलीतली दोन-चार मोठी दृश्यं असतील तर ती सलग लावा आणि तेवढ्या दिवसांसाठी ॲलेक्सा मिनी आणा. रात्र सोनीवर करा. दिवस आणि रात्र वेगळी दिसली तर प्रेक्षकाला खटकत नाही, जुळवायला कलरिस्टलाही सोपं जातं. एकाच दृश्यात मात्र दोन्ही कॅमेरे मिसळू नका. आणि ॲलेक्सा आणलात तर त्याच्याबरोबर येणारा सहायक, मोठ्या बॅटऱ्या, जड ट्रायपॉड आणि वाढलेला मांडणीचा वेळ हे सगळं कॉल शीटमध्ये (दिवसाच्या वेळापत्रकात) आधीच धरा; दिवसाला ३० शॉट ठरवले असतील तर त्या दिवशी २०च लिहा.